कावेरीबाईंचा नेम

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी अधिक महिना श्रावणाला लागून आला होता. तो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी परभणीत, डॉक्टर नीलम यांच्या दवाखान्यातल्या वजनकाट्यावर, कावेरीबाई डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या.

“काकू, डोळे मिटून आकडा कमी होत नसतो. उतरा आता. ब्याऐंशी,” डॉक्टर म्हणाल्या.

“साडीचं सोडलंत का? काठ जड आहेत हिचे.”

“काठ सोडले तरी गुडघ्यांना काय फरक पडणार? झिजलेत ते. गौरी येईपर्यंत पाच किलो उतरवा. नाही उतरले, तर दिवाळीच्या आत ऑपरेशन करावं लागेल.”

दिवाळी म्हटल्याबरोबर कावेरीबाई बोटांवर महिने मोजू लागल्या. लेकीचे, स्वरदाचे, दिवस दिवाळीतच भरत होते. स्वरदा झाली तेव्हा माहेरी, पोखर्णीला, कावेरीबाईंच्या आईनं न्हाणीत पाट मांडून, पाय लांब करून, त्या पायांवर तिला न्हाऊ घातलं होतं. हंड्यातलं चुलीवरचं पाणी, डाळीच्या पिठाचा वास, मग ओव्याची धुरी आणि न्हाऊन दमून झोपलेलं ते लाल गाठोडं. आई म्हणाली होती, “तुझ्या नातवंडाच्या वेळी हे पाय तुझे.” तेव्हापासून कावेरीबाईंनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं, हे एवढं एक धरून ठेवलं होतं. आणि नेमके पायच फितूर झाले होते.

“स्वरदाच्या वेळचं वजन कुठं गेलं ते कळलंसुद्धा नव्हतं हो,” त्या म्हणाल्या.

“तेव्हा तुम्ही तिशीच्या आत होतात. वय वाढलं की शरीराला थोडकं पुरतं, आणि आपण जेवतो तेवढंच. उतरायला वेळ लागतो, पण उतरतं. रात्रीचं जेवण बंद, सकाळी चालायचं, गोडाला हात लावायचा नाही.”

घरी येऊन त्यांनी हे सगळं नवऱ्याला, माधवरावांना, सांगितलं. माधवराव म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, अंगानं कपडे वाळत घालायच्या काठीसारखे.

“वयाचा काही संबंध नाही. मी सहासष्ट वर्षांचा. लग्नातला कोट आजही होतो मला. संबंध जिभेचा आहे,” ते म्हणाले. त्या वेळी ते चौथी पोळी तुपात बुडवत होते.

तेवढ्यात पूर्णेहून विहीणबाईंचा फोन आला. “तुमचे गुडघे लय दुखायलेत म्हणं. मी काय म्हणते, बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या. मी हाय की धडधाकट. कशाला बेजार होता?”

“छे हो, मी ठणठणीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं,” कावेरीबाई म्हणाल्या. एका हातानं त्यांनी ओटा धरून ठेवला होता.

त्या रात्री त्या दूध पिऊन उठल्या. तोच शेजारच्या पार्वतीबाई भज्यांची ताटली घेऊन दारात. पार्वतीबाई भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या कानात संध्याकाळी पडलेली गोष्ट सकाळी वसमत रोडच्या टोकाला पोचलेली असे. मागच्या वर्षी मंडळातल्या एका बाईनं वजन कमी करायला घेतलं, तर तिला अजून ‘पापड’ म्हणत. शिवाय गुडघ्यांची हाकाटी पूर्णेपर्यंत जायला किती वेळ?

“मी रात्रीचं सोडलंय, वैनी,” कावेरीबाई म्हणाल्या.

“का बरं? तब्येत बरी न्हाई का?”

“तब्येत चांगली आहे. नेम आहे.”

“कशाचा?”

“नेम सांगायचा नसतो.”

पार्वतीबाईंनी ताटली पदराआड घेतली आणि त्या दोन पावलं मागं सरल्या.

दुसऱ्या दिवसापासून कावेरीबाई चालायला निघाल्या. रस्त्यावर चिखल आणि चिखलात कुत्री, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाभोवती फेऱ्या धरल्या. फरशी स्वच्छ, वर पत्र्याची सावली, दमलं तर टेकायला कट्टा. चालताना त्यांचे ओठ हलत असत. “उजव्या, तू थोडं सोस. डाव्या, कुरकुरू नकोस. दिवाळीपर्यंत निभवून न्या रे बाबांनो,” असं त्या गुडघ्यांना समजावत. बघणाऱ्यांना जप वाटला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक अनोळखी सून येऊन पाया पडली.

“अगं, मी चालायला येते,” कावेरीबाई म्हणाल्या.

“हो ना, काकू. प्रदक्षिणा काय, चालणंच असतं,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मग आमंत्रणं सुरू झाली. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावई आला तर जावयाला, नाही तर एखाद्या मेहुणाला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि वर अनारशांचं वाण द्यायचं. जोडी चांगली असावी असं प्रत्येकीला वाटतं. त्या वर्षी त्या भागात बोलताना कुणी नेमाचं मेहुण म्हटलं, की कावेरीबाईंचंच घर समजायचं.

पहिला मान पार्वतीबाईंनी घेतला. “रात्रीचा नेम हाय, मला ठाव हाय. म्हणून दुपारीच या. न्हाई म्हणू नका, वैनी. सवाष्ण दारातून परतली तर माझं कसं व्हायचं?”

सवाष्णीला नाही म्हणता येत नाही, आणि ताटात टाकून उठता येत नाही. पार्वतीबाईंनी दोन धोंडे वाढले, त्यांना बोटानं खळगा पाडून त्यात तूप ओतलं आणि तिसरा वाढला.

“पुरे, पुरे,” कावेरीबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

“पुरे कसं? तुमी रातच्याला उपाशी राहणार. आता दोन वेळचं जेवायला पाहिजे.”

हा हिशोब सगळ्या कॉलनीला पटला. एकभुक्त बाई म्हणून प्रत्येक घरी दुप्पट वाढू लागले. माधवराव इस्त्रीचं धोतर नेसून हसतमुखानं पुढं असत. “नाही म्हणू नये, कावेरी. लोकांची श्रद्धा आहे,” असं ते घास घोळवत म्हणत. घरात अनारशांचे डबे एकावर एक चढले, तेव्हा तेही ओझं त्यांनी एकट्यानं उचललं. कावेरीबाई रात्री उपाशी झोपत, पहाटे गुडघ्यांची मनधरणी करत आणि दुपारी धोंडे खात. स्वरदा फोनवर विचारी, “आई, पाय कसे आहेत गं?” तेव्हा त्या गुडघ्यावरून हात फिरवत ‘बरे आहेत’ म्हणत.

महिन्याच्या मध्यावर त्या पुन्हा काट्यावर चढल्या. या वेळी डॉक्टरांनीच डोळे चोळले.

“चौऱ्याऐंशी. काकू, रात्रीचं बंद आहे ना?”

“देवाशपथ बंद आहे.”

“चालता?”

“देवळाच्या फरशीला विचारा.”

“मग वयाचाच परिणाम दिसतोय. रक्त तपासून घेऊ. आणि ऑपरेशनची तारीख आत्ताच धरून ठेवते.”

कावेरीबाई खरं बोलायला निघाल्या होत्या. पण बाहेर बाकावर मंडळातल्या दोघी बसलेल्या, दार उघडं. त्या तशाच उठल्या. रिक्षात डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, “अहो, आता पूर्णेच्या विहीणबाईच न्हाऊ घालणार लेकराला.”

शेजारी बसलेल्या माधवरावांनी आपला रुमाल पुढं केला. ते म्हणाले, “उद्याचं एक घ्यावंच लागेल बघ. मी हो म्हणून बसलो. जिंतूर रोडला कुणी सरजाबाई आहेत, त्यांच्याकडं. पार्वतीबाईंच्या ओळखीच्या.”

सरजाबाई दणकट आवाजाच्या, सत्तरीच्या. त्यांनी दारातच दोघांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. “लय ऐकलं तुमच्याबद्दल, माय. असं मेहुण आमच्या घरी जेवायला आलं, आमचं नशीब. अगं सूनबाई, तूप आण. पाया पड आधी.”

आतून डोक्यावर पदर घेऊन, हातात तुपाची वाटी धरून सूनबाई आल्या आणि कावेरीबाईंच्या पायांशी वाकल्या. वर बघितलं, तर डॉक्टर नीलम.

डॉक्टरांची नजर ताटावर गेली. ताटात तीन धोंडे होते.

“वाढ की गं,” सरजाबाई म्हणाल्या. “हात आखडू नको. बाई एकभुक्त हायेत.”

डॉक्टरांनी चमचाभर तूप वाढलं.

“चमच्यानं काय वाढायलीस? औषध हाय का ते? ओत.”

डॉक्टरांनी ओतलं. ओतताना खाली वाकून हळूच विचारलं, “काकू, असं किती घरी?”

“सगळ्या कॉलनीत,” कावेरीबाई पुटपुटल्या. “नाही कसं म्हणू? सवाष्ण आहे मी.”

“मला का नाही सांगितलंत?”

“पूर्णेला कळलं असतं. मला माझ्या पायांवर न्हाऊ घालायचंय हो लेकराला.”

डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या. रक्ताची तपासणी, ऑपरेशनची तारीख, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. दवाखान्यात औषधं लिहून हात दुखले होते, पण या गावात जे औषध चालतं ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्या सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काकू, परान्न न घेण्याचा तुमचा नेम उद्यापासूनच ना?”

कावेरीबाईंच्या ते क्षणभर ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. “हो. उद्यापासून. दुसऱ्याच्या घरचं काही नाही.”

सरजाबाईंनी हात जोडले. “म्हणजे आमचंच घर शेवटचं. बघ सूनबाई, केवढं भाग्य. वाढ अजून एक.”

तो चौथा धोंडा डॉक्टरांच्या देखत कावेरीबाईंना संपवावा लागला. पण दुसऱ्या दिवशी दार वाजलं नाही. पार्वतीबाईंनी रातोरात सगळ्यांना बजावलं होतं, की वैनींना आता पाण्याचासुद्धा आग्रह करायचा नाही.

गौरी आल्या तेव्हा काटा एकोणऐंशीवर थांबला. म्हणजे पहिल्यापासून मोजलं तर तीनच किलो. कावेरीबाईंचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाल्या, “मी पाच सांगितले, पाच उतरले. कुठून मोजायचे हे म्हटलं नव्हतं.” आणि तारीख खोडून टाकली.

दिवाळीत स्वरदाला मुलगी झाली. मैथिली तिचं नाव. कावेरीबाईंनी पाट मांडला, पाय लांब केले आणि तिला न्हाऊ घातलं. त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, ती हाक मारण्याआधीच येऊन उभी राहत. पूर्णेच्या विहीणबाईंनीही एकदा हौस केली, पण त्यांच्या काटक नडग्यांवर पोरगी किंचाळून निळी झाली. “तुमचेच पाय बरे हो. गादीवाणी हायेत,” त्या म्हणाल्या. डॉक्टर नीलम आता साठीच्या पुढच्या बायकांना गोळ्यांबरोबर एखादा नेमही सांगतात, आणि त्या गोळ्या विसरतात पण नेम मोडत नाहीत.

राहिले माधवराव. बारशाच्या दिवशी लग्नातला कोट काढला, तर एकही बटण लागेना. पंधरा दिवसांचे धोंडे आणि अनारसे पोटावर येऊन बसले होते, ते काही केल्या हलेनात. वयाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आता पहाटे तेच मारुतीला फेऱ्या घालतात, ओठ हलवत. परवा कट्ट्यावरून पार्वतीबाईंनी विचारलं, “गुरुजी, तुमी कधीपासून?”

“नेम आहे,” माधवराव म्हणाले.

“कशाचा?”

“नेम सांगायचा नसतो.”

पार्वतीबाईंनी हात जोडले आणि घरी जाऊन पुरणाची डाळ शिजत घातली.