कळ कोणाची, सही कोणाची

प्रमिला लोखंडे यांच्या ओटीपोटातली कळ दिवाळीपासून डॉ. सबनीस यांना येते, याबद्दल आमच्या मेडिकल कॉलेजात कोणाची तक्रार नाही. प्रश्न एवढाच होता की रजा कोणी टाकायची. मी रजा शाखेत बसतो, म्हणून ही ब्याद माझ्या टेबलावर आली.

प्रमिलाताई आमच्या ग्रंथालयात आहेत. दर महिन्याला पाळीत त्यांना अशी कळ यायची, की कपाटाला धरून उभ्या राहायच्या. स्त्रीरोग विभागाचे प्रमुख सबनीस सर त्यांना तपासायचे आणि म्हणायचे, "काही नाही हो. बायकांना एवढं तेवढं दुखायचंच." सरांच्या पुस्तकातही हेच आहे, जरा सभ्य शब्दांत: सौम्य अस्वस्थता. मुलं ते पाठ करतात आणि डॉक्टर होतात.

मग सरांना संशोधनाचं काम मिळालं. विषय होता स्त्रियांचं ओटीपोट आणि मेंदू यांच्यातला जोड. पण नियमावलीप्रमाणे मेंदू तपासायच्या यंत्रात बायकांचं डोकं चालत नव्हतं. पाळीमुळे आकडे वरखाली होतात म्हणे. नियम तो नियम. तेव्हा वायरी प्रमिलाताईंच्या पोटाला लावल्या आणि यंत्रात डोकं सरांनी स्वतःचं घातलं. आकडे सुरेख आले. जोड मात्र वायरी काढल्यावरही तसाच राहिला.

पुढच्या पाळीला प्रमिलाताई गुणगुणत कपाटाच्या वरच्या फळ्या पुसत होत्या आणि सर भर तासाला फळ्याखाली उकिडवे बसले होते.

"मरतो की काय मी!"

"नाही मरत, सर," निरोप ऐकून धावत आलेल्या प्रमिलाताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत जरा उतरते."

सरांनी रजा मागितली. मी म्हटलं, पाळी प्रमिलाताईंची, रजा तुम्हाला कशी देऊ? प्रमिलाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला कशाला? माझं काहीच दुखत नाही!"

शेवटी जोड सोडवायचं ठरलं. म्हणजे कळ पुन्हा प्रमिलाताईंकडे जाणार. हे ऐकून त्यांचा चेहरा पार उतरला.

"भाऊसाहेब, शाळेत होते तेव्हापासून सोसतेय. आता कुठे सुटले. पुन्हा नको हो, हात जोडते."

मला वाईट वाटलं. पण रजा शाखेला वाईट वाटून कसं चालेल?

आमच्याकडे ओटीपोटाच्या उपचाराला पेशंटची सही चालत नाही, जोडीदाराची लागते. हा नियम सरांनीच घालून दिलाय. दुखण्याला घाबरून बायका भलतंच ठरवतात, असं त्यांचं मत. आता पेशंट सर होते. म्हणून त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंना बोलावलं.

सर बाकावर आडवे होते. "अगं, कर की सही!"

बाईंनी पेन उघडलं आणि प्रमिलाताईंकडे वळल्या. "फार दुखायचं का हो?"

"कोणीतरी आतून पिळतंय असं, मॅडम."

"मलाही तसंच होतं. लग्नाच्या आधीपासून. हे म्हणतात, एवढं तेवढं दुखायचंच."

"मृणाल, खरंच दुखतंय गं!"

"घाबरलात तुम्ही," बाई मायेने म्हणाल्या. "अशा वेळी भलतंच ठरायला नको." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या महिन्यात बघू."

प्रमिलाताई मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मग नाक पुसून पाणी तापवायला गेल्या.

राहिला सरांच्या रजेचा अर्ज. आजार किती गंभीर, हे मला मनाने ठरवता येत नाही. कॉलेजात लावलेलं पुस्तक बघावं लागतं. ग्रंथालयातून सरांचंच पुस्तक मागवलं. पान प्रमिलाताईंनीच काढून दिलं. सौम्य अस्वस्थतेला रजा नाही.

पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघेपर्यंत सरांनी नियमित तास घ्यावेत, असं मी लेखी कळवलं. सर हल्ली रात्रंदिवस लिहीत असतात. त्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी त्यांना प्रमिलाताई भरून देतात.