दहावं काडतूस

सकाळी सकाळी गीताबाईंनी वावरातून मक्याची मोडलेली सात ताटं आणली आणि ओसरीवर चहा पीत बसलेल्या नवऱ्यापुढे दाणकन आपटली.

"घ्या! रोही जेवून गेले. उरलंसुरलं तुमच्यासाठी ठेवलं त्याईनं."

महादेवरावांनी चहाचा घोट शांतपणे गिळला. "रोही येतेच. जनावर हाय."

"जनावर हाय हे समजते मले. घरधनी काय हाय, तेच समजून नाही राह्यलं!"

आता उंद्रीच्या शिवारात रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, त्रास कुणाला नव्हता? पण बाकीच्यांनी इलाज केला होता. शेजारच्या गोकुळने, फौजेतून रिटायर होऊन आल्या आल्या, वावराभोवती तार ओढून झटका मशीन बसवलं. रोही आले, तारेला नाक लावलं, उड्या मारत परत गेले. परत गेले म्हणजे कुठे? महादेवरावांच्या मक्यात. दोन वर्षं गीताबाई मशीन मागत होत्या आणि दोन वर्षं महादेवरावांचं एकच उत्तर होतं.

"ज्याच्या घरात बारा बोअरची बंदूक हाय, तो वावराले तारा गुंडाळत नाही. लोक थुंकतीन तोंडावर."

ही बंदूक महादेवरावांच्या वडिलांची. परवाना पीक राखण्यासाठीचा. त्याच्या नूतनीकरणाला महादेवराव इस्त्रीचा सदरा घालून बुलढाण्याला जात, येताना पेढे आणत आणि बंदूक पुन्हा गव्हाच्या कोठीमागे उभी करत. त्यांनी ती शेवटची कधी उडवली हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. महादेवरावांना आठवत होतं, पण दर वेळी वेगळं.

त्या दिवशी मात्र गीताबाईंचा पारा चढलाच होता. "मंग उडवा ना! आज उडवा! का नुसत्याच दसऱ्याले हळद लावाची त्या बंदुकीले? ते काय नवरी हाय?"

सून जयमाला ताटं उचलायला आली होती, ती तोंडाला पदर लावून आत पळाली. सुनेसमोर पाणउतारा झाल्यावर महादेवराव उठले. "आज चार वाजता! वावरात! पुरं गाव येऊ दे! दहा काडतुसं हायेत माझ्या बापाची. एक जरी उडालं तं या घरात मशीनीचं नाव घ्याचं नाही."

"अन् एकही नाही उडालं तं?"

"तं उद्याच्या उद्या मशीन."

"जयमाला, आयकलं ना वं तू?" गीताबाईंनी साक्षीदार पक्का केला. त्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या. तीस-पस्तीस वर्षांची काडतुसं ती! ज्या माणसाला टॉर्चचे सेल वेळेवर बदलता येत नाहीत, त्याच्या हातून काय बार निघणार होता? मका महिनाभरात तोडणीला येणार होता. मशीन उद्या लागलं तर उरलेला सगळा वाचत होता.

महादेवरावांनी कोठीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत नऊ काडतुसं. दहावं देवघरात असायचं, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला. झाकण उघडल्याबरोबर महादेवराव हरखले.

"पाह्य, कशे चमकून राह्यले! याले म्हंते जुना माल!"

चमकणारच. ती चमक गीताबाईंच्या हातची होती. पण नवऱ्याकडून श्रेय मागून घेण्याइतके वाईट दिवस अजून आले नव्हते.

चार वाजता धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, तीसेक माणसं जमली. गावात दुसरं काही चालू नसलं की कुणाची फजिती बघायला माणसं पायात चप्पल घालण्यापुरतीही थांबत नाहीत. महादेवरावांनी सदरा तोच घातला होता, बुलढाण्याचा. गोकुळने सगळ्यांना मागे सारलं. "जुना माल हाय. खटका पडला अन् नाही उडालं तं कोणी हलाचं नाही. उशिरानंही उडू शकते. पाच मिनिटं नळी आभाळाकडं धरून उभं राहाचं. फौजेचा नियम हाय."

महादेवरावांनी पहिलं काडतूस भरलं, डोळे मिटले आणि चाप ओढला.

खट्ट.

पाच मिनिटं तीस माणसं श्वास रोखून उभी राहिली. बंदुकीतून काही निघालं नाही. "पयलं सुस्तच राह्यते," महादेवराव म्हणाले.

दुसरं. खट्ट. पुन्हा पाच मिनिटं. "हवा उलटी हाय."

"आभाळात माराले हवा उलटी?" गीताबाई धुऱ्यावरून म्हणाल्या.

तिसरं, चौथं, पाचवं. खट्ट, खट्ट, खट्ट. दर वेळी पाच मिनिटं आणि दर वेळी नवं कारण. घाम आला, ढग आले, कोणीतरी शिंकलं. सहाव्याला महादेवराव म्हणाले की माणसांची नजर लागून राह्यली. गीताबाईंनी लगेच सगळ्या माणसांना पाठ फिरवून उभं केलं आणि सातवं काडतूस तीस पाठींसमोर फुसकं निघालं. लोक आता उघड हसत होते.

"महादेवभाऊ, तोंडानंच म्हना ना ठ्योऽ! रोह्याले काय समजते?"

आठवं झालं, नववंही झालं. नववी पाच मिनिटं संपली तेव्हा पाच वाजायला आले होते आणि महादेवरावांचा चेहरा सदऱ्यापेक्षा चुरगळला होता. दुसऱ्या एखाद्या बाईला दया आली असती. गीताबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि हळदी-कुंकवानं माखलेलं दहावं काडतूस नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

"हेही घ्या, देवघरातलं. देवालेही पाहू द्या तुमची मर्दुमकी. अन् गोकुळभाऊ, तुम्ही मशीनवाल्याले फोन लावून ठेवा."

गोकुळने फोन काढला. महादेवरावांनी काडतुसावरचं कुंकू पुसलं, ते भरलं, आणि आता डोळेसुद्धा न मिटता, कंटाळून, चाप ओढला.

धडाऽऽम!

पाखरं उडाली. महादेवराव मागच्या मागे धुऱ्यावरून चिखलात बसले. आणि नेमकं त्याच वेळी निवृत्ती गुराखी गावची साठ-सत्तर ढोरं घेऊन नदीवरून पाणंदीनं परतत होता. गावच्या ढोरांनी असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी शेपट्या वर केल्या आणि ती सरळ समोर दिसेल तिकडे घुसली. समोर महादेवरावांचा मका होता.

"धरा! अडवा! अरे माझ्या कपिलेऽ!" निवृत्ती बोंबलत मागे धावला, त्याच्यामागे तीस माणसं. जो मका ढोरांच्या पायाखालून वाचला तो माणसांच्या पायाखाली गेला. दहा मिनिटांनी गलका थांबला तेव्हा वावरात उभं असं फक्त बुजगावणं होतं.

"उडालं!" महादेवराव चिखलातून ओरडले. "गीते, उडालं का नाही? मशीन कॅन्सल!"

गीताबाईंनी आडवा झालेला मका पाहिला. महिनाभर रोह्यांनी मिळून जेवढं खाल्लं नव्हतं, तेवढं दहा मिनिटांत गेलं होतं. मग पदर खोचून त्या नवऱ्याकडे वळल्या आणि लग्नापासूनचं सगळं एकदाच बोलून टाकायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गोकुळने डब्यातलं एक फुसकं काडतूस उचलून नाकाशी धरलं.

"महादेवभाऊ, याले तेल कोणं लावलं?"

"कायचं तेल?"

"एरंडेल. चांगलं मुरलं हाय. काडतुसाले तेल म्हंजे इख भाऊ, मंधातली बारूद मरून जाते. माल वाईट नव्हता तुमचा. हे देवघरातलं कोरडं होतं म्हणून उडालं. बाकीचे कोरडे असते तं पयलंच उडालं असतं, चार वाजता." गोकुळने पाणंदीकडे पाहिलं. "तवा ढोरं नदीवर होती."

जयमालाने सासूकडे पाहिलं. दर उन्हाळ्यात गव्हाला एरंडेल चोळताना कोठीवरचा तो डबाही खाली काढून एकेक काडतूस गव्हासारखंच चोळायची कामगिरी घरात कोण करतं, हे तिला माहीत होतं. महादेवरावांनी जयमालाकडे पाहिलं आणि मग जयमाला पाहत होती तिकडे पाहिलं. तीस माणसांनीही तिकडेच पाहिलं.

"गीते," महादेवराव चिखलातून हळूहळू उठले, "तू?"

"तुम्हीच म्हणाले होते," गीताबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला. "बापाची इस्टेट हाय, गव्हासंगं नीट सांभाळ म्हणून."

"म्हणून एरंडेल?"

गीताबाईंनी एकवार मक्याकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे, आणि मान ताठ केली.

"मंग? इतक्या वर्षांत एका तरी काडतुसाले कीड लागली काय?"