तलाठी सावधान उभा राहतो

माणूस सुधारत नाही, हे मी बत्तीस वर्षं लेख लिहून सिद्ध केलं आहे. पण कुत्रं सुधारतं! आठ दिवसांत सुधारतं! फक्त शिकवणारा बुद्धिवादी पाहिजे!

हे मी कचरूच्या हॉटेलासमोर, बाकावर उभं राहून जाहीर केलं. टाळ्या पडायच्या ऐवजी आत झारा पडला. आमचा कुत्रा मिरचीचं भजं तोंडात धरून बाकाखालून असा सुटला, की बाकही थोडं अंतर त्याच्याबरोबर गेलं. मी खाली आलो. उतरलो नाही, आलो.

"संपादक," कचरू झारा उचलत म्हणाला, "आधी तुमचं कुत्रं धरा, मंग जगाला सुधरा!"

मी संपादक कधीच नव्हतो. जालन्याच्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो. पण राजूरच्या आसपासच्या आमच्या गावांत एकदा तुमचं नाव छापून आलं, की तुम्ही संपादक. कुत्र्याचं नाव तलाठी. कारण तो जागेवर कधी सापडत नाही. सरकारनं आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण एवढं नाव घेऊन हाक मारेपर्यंत कुत्रं शेजारच्या गावात पोचतं.

त्याला उभं करण्याची गरज अशी की, रेबीजची लस टोचायची होती. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दोनदा त्याच्यामागे धावले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "राधेश्यामराव, तुम्ही फक्त चार पाय एका जागी आणा. सुई मी आणतो."

म्हणून मी शाळेतल्या कवायतीचा हुकूम निवडला. सावधान! उभा राहिला की एक ग्लुकोजचं बिस्कीट. तीन दिवसांत तलाठी बिस्कीट शिकला. चौथ्या दिवशी सावधान ऐकून बसला, पाचव्या दिवशी झोपला. सहाव्या दिवशी मी स्वतः टाचा जुळवून, छाती काढून अंगणात उभा राहून दाखवलं. तेव्हा मला बिस्कीट मिळतं का, हे बघायला तो समोर येऊन बसला.

दारातून आमची दैवशाला म्हणाली, "माझ्या चहाला बिस्कीट न्हाई, अन् तुम्ही दोघं कवायत करून राह्यले!"

सातव्या दिवशी चमत्कार झाला. मी ओरडलो, "सावधान!" आणि तलाठी थांबला. शेपटी सरळ, एक पुढचा पाय हवेत, कान उभे. देवळापुढच्या दगडी नंदीची मान हलेल, पण हा हलेना! बिस्कीट तोंडात पडेपर्यंत हललाच नाही. सावधान शिकवलं, विश्राम शिकवायचं राहून गेलं. म्हटलं, आपल्या देशात विश्राम कुणाला शिकवावा लागतो?

आठव्या दिवशी मी त्याला घेऊन ऐटीत दवाखान्याकडे निघालो. बिस्किटं घरी राहिली.

वाटेत तातेरावांचं शेत. तातेराव माझे वर्गमित्र. त्यांच्या मोसंबीच्या बागेची पानं वळायला लागली होती. दोनशे झाडं, बारा वर्षांची. आधीचे दोन बोअर कोरडे गेलेले. आता तिसऱ्याची जागा दाखवायला त्यांनी धावड्याहून हरिओमबुवा पाणाड्या आणला होता. बुवा तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो. नारळ जिथं उभा राहील, तिथं पाणी! याच नारळावर मी आजवर सतरा लेख लिहिले आहेत. त्या दिवशी नारळ सकाळपासून सरकारी फायलीसारखा आडवाच होता.

तलाठ्याला नारळ दिसला. त्याला तो चेंडू वाटला असावा. चौखूर उधळला!

"संपादक, कुत्रं आवरा!" तातेराव किंचाळले.

"सावधान!" मी गरजलो.

तलाठी शेताच्या खालच्या कोपऱ्यात जागच्या जागी गोठला. एक पाय हवेत, नाक जमिनीकडे. मी खिसे चाचपले. बिस्कीट नाही! पाच मिनिटं गेली. दहा गेली. तातेरावांनी टाळ्या वाजवल्या, बुवांनी ढेकूळ मारलं. तलाठी ढिम्म.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि नारळ हळूच पिशवीत टाकला.

"पाणी!" बुवा म्हणाले. "मुक्या जनावराला बराबर कळतं."

"अहो, मी त्याला सावधान म्हणालो!"

"संपादक," तातेराव म्हणाले, "बत्तीस वर्षांत तुमचं एका माणसानं ऐकलं न्हाई. घरात वहिनी ऐकत न्हाईत. अन् कुत्रं ऐकून राह्यलं?"

मी बांधाकडे बोट दाखवलं.

"तातेराव, हा खालचा कोपरा. बांधापलीकडं पाझर तलाव. इथं कुणीही खोदलं तरी पाणी लागेल!"

"मंग आधीच्या दोन टायमाला का न्हाई बोलला?"

बोललो होतो. लेखात. पण ते असो.

बुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "चला, यंदाची जिम्मेदारी तुमच्या कुत्र्यावर. कोरडं गेलं तर मला हाका मारू नका." आणि बुवा एवढ्या जल्दी निघाले, की नारळाची पिशवी तिथंच राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बोअर कोरडा लागला तर कुत्रं मरणार आणि पाणी लागलं तर मी!

घरून बिस्कीट आणून मी तलाठ्याला हलवलं. दोन दिवसांनी बोअरची गाडी आली. तातेरावांच्या चांगुणाबाई पहाटेच दारात. तलाठ्याला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हार त्यानं वाटेतच खाल्ला.

शंभर फूट झाले. मुरूम. दोनशे झाले. काळा दगड. अडीचशेला पांढरी भुकटी अशी उडाली, की आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतले कामगार दिसायला लागलो. चांगुणाबाई पदर तोंडाला लावून मोसंबीकडे बघत होत्या. तातेरावांनी एक वाळकं पान हातात धरलं होतं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करत होते. खरं सांगतो, त्या पंधरा मिनिटांत मी माझे सतरा लेख मनातल्या मनात मागं घेतले. लागू दे बाबा, म्हटलं. कुणाच्या का नाकानं होईना!

तीनशे दहाला पाणी आलं. बोअरमधून चिखलाचा फवारा वीस फूट वर! तातेराव त्याच्याखाली उभे राहून रडले आणि हसले. मग त्यांनी चिखलाच्या हातांनी तलाठ्याला मिठी मारली. मला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात जीप उभ्या राहू लागल्या. अंकुशनगरहून एक ऊसवाले आले, चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "तलाठीसाहेब हायेत का?"

"आहेत, पण ते खरकटं खातायत," दैवशाला म्हणाली.

मी ठरवलं, हे थांबवलं पाहिजे. दोन पुडे बिस्किटं घेतली, गाव गोळा केलं आणि कचरूच्या त्याच बाकावर चढलो.

"बंधूंनो! हा निव्वळ सराव आहे! मी कुठंही सावधान म्हणतो, हा कुठंही थांबतो! बघा!"

"सावधान!" तलाठी हॉटेलासमोर गोठला.

"अरे देवा," कचरू म्हणाला, "माझ्या भट्टीखाली पाणी हाय!" आणि त्यानं तिथं चुन्याची फक्की टाकली.

मी बिस्कीट दिलं, पुढं गेलो. ग्रामपंचायतीसमोर सावधान. फक्की. शाळेच्या फाटकात सावधान. फक्की. स्मशानाच्या वाटेवर मी वैतागून सावधान म्हणालो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, तिथं पाण्याची सोय नव्हतीच." तासाभरात मी अंधश्रद्धेविरुद्ध नऊ पुरावे दिले आणि गावानं नऊ बोअरच्या जागा पक्क्या केल्या!

चिडून मी तलाठ्याला तडक दवाखान्यात नेलं. निदान लस तरी! टेबलासमोर म्हणालो, "सावधान!" तलाठी पुतळा झाला. डॉक्टरांनी सुई उचलली. शिकलेला माणूस, विज्ञानाचा पदवीधर. त्यांनी सुई परत खाली ठेवली.

"राधेश्यामराव, बदनापूरला माझा एक प्लॉट आहे..."

"आधी टोचा!"

"टोचलं, अन् त्याचा गुण गेला तर?"

घरी आलो तो दैवशाला कंबरेवर हात ठेवून उभी. आमचा स्वतःचा बोअर मार्चमध्येच बसला आहे. टँकर आठव्या दिवशी येतो, आणि आला की ती एकवीस घागरी आत नेते. माझे गुडघे बुद्धिवादी असल्यामुळे घागर उचलत नाहीत.

"गावभर पाणी दाखवत हिंडता. आपल्या अंगणात काय झालं?"

"दैवशाला, माझी काही तत्त्वं आहेत!"

"तत्त्वांनी भांडी घासून दाखवा. राख मी देते."

आज दुपारी गाव झोपलेलं पाहून मी तलाठ्याला अंगणात सोडलं. तत्त्व म्हणून डोळे घट्ट मिटले. जागा मी निवडली, असं कुणी म्हणायला नको. आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "सावधान."

डोळे उघडले, तर तलाठी माझ्या आरामखुर्चीसमोर, एक पाय हवेत, नाक खुर्चीखाली. खुर्चीखाली बिस्किटांचा पुडा होता. हे मला माहीत आहे. तलाठ्याला माहीत आहे. दैवशालाला माहीत नाही. तिनं फक्की टाकली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माझ्या तोंडून बिस्किटाचा शब्द निघाला नाही.

तर वाचकहो, उद्या सकाळी नऊला बोअरची गाडी येते आहे. खुर्ची हलवली आहे. माझी मतं शाबूत आहेत. नारळावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हा अठरावा लेख त्याचाच पुरावा समजा. फक्त एक बारीकशी विनंती. तुमच्यापैकी कुणी सकाळी राजूरच्या गणपतीला जाणार असेल, तर एक नारळ वाढवा.

नाव विचारलं, तर तातेरावांचं सांगा.