सत्त्याऐंशीवं पान

शहाऐंशीनंतर थेट अठ्ठ्याऐंशी आलं, तेव्हा अनुस्वाररावांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी पानं पुन्हा मोजली. टेबलाखाली वाकून पाहिलं, उठून स्वतःच्या खुर्चीवर पाहिलं. मग सकाळी फाडलेला एक कागद त्यांना आठवला आणि ते केराच्या टोपलीकडे धावले; ती रिकामी होती. कचऱ्याची गाडी येऊन गेल्याला दोन तास झाले होते.

अनुस्वारराव मुद्रितं, म्हणजे छापखान्याची प्रुफं, तपासत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांनी संसार केला होता. अंगाने काडी आणि वर वाटोळं डोकं, म्हणून प्रकाशकाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांचा एक नियम होता. दुरुस्त्या उतरवून झाल्या की जुनं मुद्रित तिथल्या तिथे फाडायचं, नाहीतर जुन्या चुका मागच्या दाराने परत येतात. ज्यांचं हस्तलिखित समोर होतं, त्या बाईंचाही एक नियम होता. बाई कादंबऱ्या लिहीत, तत्त्वज्ञान शिकवत आणि कागद वाया घालवणं पाप समजत. प्रत्येक नवं पुस्तक त्या आधीच्या पुस्तकाच्या मुद्रितांवर, पाठकोऱ्या बाजूला लिहीत. कला, प्रेम आणि चांगुलपणा यांवरचं हे चिंतनही तसंच आलं होतं. सत्त्याऐंशीवं पान टेबलावर उलटं पडलं, छापील बाजू वर, त्यावर अनुस्वाररावांच्याच लाल खुणा. हात सवयीने पुढे गेला आणि कागदाचे चार तुकडे झाले.

बाईंचं अक्षर जगात फक्त अनुस्वाररावांना लागायचं. म्हणून छपाईसाठी स्वच्छ प्रत तेच करून देत. शहाऐंशी पानं उतरवून झाली होती. शहाऐंशीव्या पानाचे शेवटचे शब्द होते, ‘प्रेम म्हणजे शेवटी’. अठ्ठ्याऐंशीवं, म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान सुरू होत होतं, ‘आणि चांगुलपणाची सुरुवात इथूनच होते.’ मधे काय होतं ते आता कचऱ्याच्या गाडीला ठाऊक.

तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशक होते.

“अनुस्वारराव, पाच वाजता प्रत न्यायला येतोय. एक ओळ जरी इकडची तिकडे झाली तर बाई मला खातील. आणि त्याआधी मी तुम्हाला खाईन!”

“हो, हो,” अनुस्वारराव म्हणाले.

बाईंना फोन करून खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण लगेच आधीचा तपासनीस आठवला. त्याने बाईंच्या वाक्यातला एक स्वल्पविराम आपल्या मनाने हलवला होता. बाई ओरडल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. तो माणूस आता दारोदार विमा विकतो. अनुस्वाररावांना विमा विकणं सोडाच, दाराची घंटा वाजवायचीही भीती वाटे.

“चेहरा का उतरलाय हो?” बायकोने विचारलं. ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी काहीतरी शिवत बसली होती.

“पित्त झालंय.”

“तरी सांगत होते, तो चौथा चहा नको म्हणून!”

तीन वाजले होते. अनुस्वाररावांनी कोरा कागद ओढला. प्रेम म्हणजे शेवटी सत्य. खोडलं. प्रेम म्हणजे शेवटी मुक्ती. हेही खोडलं. चार वाजता त्यांनी घाबरून मान वर केली, तर समोर दारातून बायको दिसत होती. मग तिच्याकडे बघत बघत त्यांनी जे दिसलं ते लिहून काढलं, पान भरलं तिथे थांबले आणि पाच वाजता प्रत प्रकाशकाच्या हवाली केली.

पुढचे दहा दिवस फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन उभे राहत. अकराव्या दिवशी फोन बायकोने घेतला. “बाईंनी बोलावलंय. आत्ताच या म्हणाल्या.”

बाईंच्या खोलीत पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत होती आणि बसायला एकच खुर्ची होती. तीवर बाई होत्या. मांडीवर छापील मुद्रित उघडं होतं. बाईंनी चष्मा काढला.

“हे पान माझं नाही.”

“बाई, छपाईत कधीकधी...”

“‘प्रेम म्हणजे शेवटी, चूक न शोधता बघणं.’ मुद्रितं तपासणाऱ्याशिवाय हे कुणाला सुचेल?”

अनुस्वाररावांनी एका दमात सगळं ओकून टाकलं, कचऱ्याच्या गाडीसकट.

“मग मूळ पानावर मी काय लिहिलं होतं?”

“वाचलंच नव्हतं, बाई.”

“वाचलंच नव्हतं?” बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “मला वाटलं, निदान तुम्हाला तरी आठवत असेल.”

“म्हणजे?”

“चार दिवस झोप नाही मला. चाळीस वर्षं मी वर्गात प्रेम शिकवलं. प्रेम म्हणजे शेवटी... आणि पुढचं काही केल्या आठवत नाही. त्या पानावर काहीच नसेल तर हो?” त्यांनी मुद्रिताचं ते पान पुन्हा उलटून पाहिलं. बाई घाबरलेल्या पाहून अनुस्वाररावांची उरलीसुरली हिंमतही गेली.

“हे पान राहू द्या,” बाई हळूच म्हणाल्या. “पण कुणाला कळता कामा नये. बायकोलासुद्धा नाही. शब्द द्या.”

नोकरी वाचत होती. अनुस्वाररावांनी शब्द दिला.

पुस्तक आलं. नवऱ्याच्या कामातलं पुस्तक बायको सहसा हातात घेत नसे, पण या वेळी जेवणं झाल्यावर तिने ते चाळलं आणि शेवटाशी येऊन थबकली.

“अहो, ऐका ना. ‘सुई ओवताना तिच्या जिभेचं टोक बाहेर येतं. दोरा तीनदा चुकतो, चौथ्यांदा जातो, आणि ती एकटीच हसते. बघणाऱ्याने हाक मारू नये. एवढं बघायला मिळालं, यापलीकडे काही मागू नये.’ किती छान लिहिलंय हो! कोण असेल ही?”

“असेल कुणीतरी बाईंच्या ओळखीची.”

“नशीबवान आहे मेली. असं बघणारं माणूस आहे तिला. नाहीतर तुम्ही! तीस वर्षं घरात नुसत्या चुका काढताय.”

अनुस्वाररावांना बाईंना दिलेला शब्द आठवला. आपण हिला हे कधीच सांगू शकणार नाही, या विचाराने त्यांना बाईंच्या खोलीत वाटली नव्हती एवढी भीती वाटली. बायकोने पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावायला घेतलं. ते टक लावून बघत राहिले.

तिचा हात थांबला.

“असं काय बघताय?” ती म्हणाली. “काय चुकलं आता माझं?”