हरकत शे

आमच्या सोसायटीतले देवरे अण्णा 'हरकत नाही' हे दोन शब्द उच्चारत नाहीत. चहात साखर कमी आहे, चालेल का, असं विचारलं तर "चालेल" म्हणतील, "पळेल"सुद्धा म्हणतील. पण ते दोन शब्द नाहीत. उलट "मनी हरकत शे!", म्हणजे माझी हरकत आहे, हे मात्र दिवसातून दहादा. अण्णा मूळचे देवळ्याचे. तापले की अहिराणीत उतरतात.

हरकत कशाला? तर समुद्रकिनाऱ्यावरच्या खाणीला. आता नाशिकला समुद्र नाही. गोदावरीलाच धड पाणी नसतं. पण कोकणातल्या एका आडगावच्या किनाऱ्याची राखण अण्णांनी आमच्या बी विंगमधून चालवली आहे. तिथला सडा, म्हणजे समुद्रावर झुकलेलं कातळाचं पठार, एका कंपनीला खणायचा आहे. खणलेला माल न्यायला केवड्याच्या बनातून रस्ता हवा आहे. त्या बनापुढच्या वाळूत कासवं अंडी घालतात. सरकारी अहवालात मात्र 'पडीक जमीन, वन्यजीव आढळले नाहीत' असं छापलंय. पाहणीला आलेले साहेब भर दुपारी गाडीतून न उतरताच परतले होते. कासवांनीच काचेशी येऊन नमस्कार करायला हवा होता.

अण्णांचा मला वैताग यायचा. तीन वर्षांपूर्वी एकटेच राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात निवेदनाचा कागद घेऊन दारात उभे. कांद्याच्या मुलखातल्या माणसाला कासवांचा एवढा पुळका कशाला? मी तीनदा सही टाळली. चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा डोळ्यावरच होता.

गेल्या वर्षी तिकडे जनसुनावणी होती. माझ्याकडे गाडी, म्हणून मला ओढून नेलं. मांडवात पुढे कंपनीची माणसं गाद्यांच्या खुर्च्यांवर, मागे गावकरी उभे. अण्णांचा पुकारा झाला आणि नेमका माईक बंद पडला. अधिकारी म्हणाले, "आजोबा, माईकशिवाय बोलाल ना?"

साहेबासमोर अण्णा एकदम शुद्ध मराठीत गेले. "हो हो, काही हरकत नाही!"

कारकुनाने तेवढंच टिपलं आणि पेन खाली ठेवलं. पुढे अण्णा वीस मिनिटं घसा फोडून बोलले, ते कुणी लिहिलं नाही. महिन्याभराने इतिवृत्त आलं: 'श्री. देवरे, नाशिक. काही हरकत नाही.'

मी पोट धरून हसलो. लिफ्टमध्ये, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी, भेटेल त्याला हा किस्सा सांगितला. अण्णांनी दुरुस्तीसाठी पत्रांवर पत्रं धाडली. उत्तर एकच, 'इतिवृत्त कायम झाले आहे.' तेव्हापासून ते दोन शब्द त्यांनी टाकले, आणि हरकत घ्यायची ती अहिराणीतच.

परवा सकाळी पुन्हा दारात. सोमवारी शेवटची सुनावणी. नोंद दुरुस्त करायला त्या दिवशी हजर असलेल्या साक्षीदाराची सही हवी, नाहीतर अण्णांची संमतीच धरणार. त्यांच्या ओळखीचा साक्षीदार मी एकटाच.

मी वैतागून म्हणालो, "अण्णा, तिथे तुमचं आहे तरी कोण?"

"मनी सुमन शे तठे," ते म्हणाले.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको, हे मला तेव्हाच कळलं. त्या किनाऱ्यावरच्या गावातून मास्तरीण म्हणून देवळ्याला आल्या आणि तिथल्याच झाल्या.

"दर मे महिन्यात म्हणायची, माहेरी चला, समुद्र दाखवते. अन् मी कांदा साठवणीच्या चाळीत भरायच्या गडबडीत. म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ." अण्णा दाराची कडी चाचपत होते. "अख्खा देश अस्थी घेऊन आपल्या रामकुंडावर येतो, भाऊ. मी तिला तिकडे नेली. भाऊबंद अजून बोलत नाहीत माझ्याशी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. आणि आता कागदावर मीच सांगून बसलोय, खणा, हरकत..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला.

मला माझी लाज वाटली. वर्षभर मी ज्याला हसत होतो, ते हे होतं. मी सही केली. मग म्हणालो, "सोमवारी गाडी मी काढतो."

"एवढ्या लांब? तुम्हाला त्रास होईल, भाऊ."

ते दोन शब्द सवयीने माझ्या ओठांवर आलेच होते.

"चालेल, अण्णा," मी म्हणालो. "पळेल."