मापाला माणूस

आमच्या कॉलनीतल्या बिराजदारकाकांनी माझे शेकड्यांनी फोटो काढलेत आणि त्यातल्या एकातही माझं तोंड नाही. सगळीकडे माझी पाठ. किल्ल्याच्या तटाकडे बघणारी पाठ, तळ्याकडे बघणारी पाठ, उसाच्या ट्रॉलीकडे बघणारी पाठ. माझ्या डोक्याला मागून टक्कल पडायला लागलंय ही बातमी मला न्हाव्याच्या आधी काकांनी दिली, आणि तीही स्क्रीनवर मोठी करून.

"एखादा समोरून काढा की," असं मी एकदा म्हणून बघितलं.

"समोरनं कशाला? चेहरा आधारकार्डावर हाय की!"

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. तरुणपणी एकदा त्यांच्या साहेबाने त्यांच्या गळ्यात खात्याचा कॅमेरा अडकवला आणि नव्या बंधाऱ्याचा फोटो आणायला पिटाळलं. काका फोटो घेऊन आले. साहेबाने तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "बिराजदार, हा बंधारा आहे की गटार? शेजारी एखादा माणूस उभा करत जा, म्हणजे उंची तरी कळेल." साहेब बदलून गेला, खात्याचा कॅमेरा खात्यात जमा झाला, काका रिटायर झाले, पण ते वाक्य काही त्यांनी सोडलं नाही. नोकरीत असतानाच स्वतःचा कॅमेरा घेतला, सुट्ट्यांचे दिवस भटकण्यात घातले, आणि देऊळ असो, झाड असो, मालगाडी असो, शेजारी एक माणूस उभा. याला ते म्हणतात 'मापाला माणूस'. तो पाठमोरा असावा ही मात्र त्यांची स्वतःची भर. त्यांचं म्हणणं असं, की माणसानं तोंड दाखवलं की बघणारा तोंडच बघत बसतो, बंधारा राहतो बाजूला.

रविवारी सकाळी ते बेल वाजवत नाहीत. फाटकाशी उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "जोशी, मापाला येताय काय?" आमची ही आतून म्हणते, "जा, आले तुमचं माप काढायला."

मी बँकेत आहे. इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या कुठल्याही गोष्टीचं तिथे कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. बिराजदारकाका मला पहिल्याच खेपेला म्हणाले होते, "तुमची पाठ लई चांगली हाय. रुंद हाय आनि हालत न्हाय." माणूस एवढ्यावर विरघळतो. मी तरी विरघळलो.

मापाच्या माणसाला नियम एकच. वळायचं नाही. मुंगी चावली, मागून बैल आला, ओळखीच्या माणसाने हाक मारली, तरी वळायचं नाही. आपण नुसती मान हलवली तरी मागून काकांचा आवाज येतो, "वळू नका!" या आवाजाला कबुतरं उडतात.

या नियमापायी होटगीला माझी शोभा झाली ती सांगतो. रुळांपासून बऱ्यापैकी लांब, कुंपणाच्या अलीकडे काकांनी मला उभं केलं होतं. मालगाडी येणार होती आणि डबे केवढे असतात ते जगाला कळायचं होतं. मी आपला हात खाली सोडून, मान ताठ करून रुळांकडे बघत उभा. एवढ्यात मागून कुणीतरी मला घट्ट मिठी मारली. रुळांवर काम करणारा माणूस होता. धापा टाकत म्हणाला, "साहेब, घरात भांडणं व्हत्यात! पोराबाळांकडं बघायचं की वो!" मी त्याला समजावायला तोंड फिरवलं, तर लांबून काका ओरडले, "वळू नका!" तो माणूस काकांकडे बघायला लागला, माझ्याकडे बघायला लागला, आणि मग त्याने मला आणखीनच घट्ट धरलं. मालगाडी निघून गेली. त्या फोटोत दोन पाठी आहेत. काका अजून म्हणतात, एका मापाला दोन माणसं असली की हिशेब चुकतो.

माझ्या पुतण्याच्या लग्नात काकांनी आपणहून फोटो काढले. नवरा-नवरी मांडवाकडे तोंड करून उभे आणि आपल्याकडे पाठ. नवरीच्या आईने ते फोटो चाळून शांतपणे विचारलं, "आमची मुलगी कुठल्या फोटोत आहे?" काका म्हणाले, "सगळ्यात हाय की. मांडव किती उंच हुता बघा." त्या बाई अजून आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

मापाची ही जागा माझ्याकडे आली ती शैलाकाकू गेल्यावर. शैलाकाकू म्हणजे बिराजदारकाकांच्या पत्नी, अक्कलकोटकडच्या. लग्नानंतर पहिल्या रविवारपासून त्याच मापाला होत्या. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि काखेत काळी छत्री घेऊन त्या काकांच्या मागे स्कूटरवर बसायच्या आणि ते म्हणतील तिथे जाऊन पाठ करून उभ्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी थोड्याशा आजारपणात गेल्या. त्यानंतर काका एकटेच जाऊन येत. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे एक फोटो धरला. नुसतं पाणी होतं.

"सांगा, केवढं हाय हे पानी?"

"आमच्या गच्चीवर पावसाळ्यात साचतं तेवढं असेल," मी चेष्टेने म्हणालो.

"उजनी हाय," ते म्हणाले, आणि फोटो घेऊन घरी गेले. पुढच्या रविवारी ते आमच्या फाटकाशी उभे होते.

आता त्यांच्या घरातल्या भिंतीबद्दल सांगितलं पाहिजे. बाहेरच्या खोलीत समोरच एक मोठा फोटो आहे. उजनीचं पाणी, त्यात गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा, आणि काठावर बोटाच्या पेराएवढी एक बाई, पाठमोरी, छत्री घेतलेली. या फोटोला चंदनाचा हार आहे. गॅस सिलिंडर आणणाऱ्याने एकदा हार बघून हळहळत विचारलं होतं, "काका, पाखरं मेली काय?"  काकांनी त्याला पाणी प्यायला दिलं.

मुलगी पुण्याला असते. तिने आईचा हसरा फोटो मोठा करून स्वतःच्या घरी लावलाय, एक प्रत काकांनाही पाठवलीय. ती कपाटात आहे. मुलगी चिडते. आईचा चेहरा दिसत नाही अशा घरात मला यावंसं वाटत नाही, असं ती स्पष्ट म्हणाली, आणि खरंच फारशी येत नाही. काकांचं म्हणणं वेगळं. "जन्मभर कॅमेरा माझ्या गळ्यात. आनि माझ्या बायकूचा फोटो मी काढलेला नसावा? दुसऱ्यानं काढलेला लावू?" आपण काढलेला, तिचं तोंड दिसणारा एक तरी फोटो सापडला पाहिजे, मग तो लावायचा, मग पोरगी येईल, हे त्यांनी धरून ठेवलं. रोज संध्याकाळी ते कंप्युटर उघडून बसत. जुने, कागदावरचे फोटो शेजारी पसरलेले. मीही जाऊन बसू लागलो.

अख्खा संसार पाठीमागून बघायचा म्हणजे विचित्र वाटतं. आधी जाड काळा शेपटा, मग अंबाडा, मग तो अंबाडा लहान लहान होत गेलेला. कडेवर मूल, मग हाताला धरलेलं मूल, मग मूल नाहीच, पुण्याला गेलेलं. मला सगळ्या पाठी सारख्या वाटत होत्या. काकांना नाही.

"ही बघा. हितं रुसली हुती."

"पाठीवरून कसं कळतं?"

"पदर बघा की. रुसली की पदर असा ओढून गच्च धरायची. आनि हितं पाय दुखाय लागलेत, बघा, एका पायावर भार हाय. मी म्हनलं न्हाय बस म्हनून. उजेड चांगला हुता."

मग त्यांनी पुढचे फोटो भराभर सरकवले. मीच विचारलं, "काकू कधी वळायच्याच नाहीत का?"

"वळायची की! परत्येक येळी वळायची. मी हिकडनं वरडायचो, तिरगब्याड, वळू नको! तिला कानडीत सांगितलं की लवकर कळायचं. तरी वळायचीच. वळली की फोटो वाया. घरी आलो की तसले सगळे पुसून टाकायचो. कागदावरचे हुते ते फाडले."

"पण वळायच्या कशासाठी?"

"कुनाला ठावं. कदी इचारलं न्हाय." त्यांनी कंप्युटर बंद केला. "च्या घेनार काय?"

चहा त्यांनी दोन कप केला आणि साखर घालायची विसरले. मी तसाच प्यालो. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, आणि तेही तसलाच चहा चव न कळता पिताहेत हे बघून तो टिकला नाही.

त्यानंतर शोध थांबला. काका फाटकाशीही येईनात. मग जानेवारीत एका सकाळी हाक आली. त्या दिवशी काकांच्या काखेत काकूंची काळी छत्री होती.

उजनीच्या काठाला पोचलो तेव्हा ऊन नुकतं कोवळं पडलं होतं. कडेला केळीची बाग, पाण्यात सोडलेले मोटारींचे पाईप, लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी. मी सवयीने काठाकडे चालायला लागलो, तर काकांनी मला थांबवलं आणि गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला. आजवर त्यांनी त्याला मला बोटही लावू दिलं नव्हतं.

"आज तुमी काढा. मी मापाला जातो."

"तुम्ही?"

"तोंडाचा तर गावला न्हाय. मग पाठीशेजारी पाठ लावतो. ती एकटीच हाय तितं, भिंतीवर."

ते चालत गेले. एका बाभळीपुढे, मोटारीच्या पाईपाजवळ, भिंतीवरच्या फोटोतली तीच जागा. छत्री उघडून पाठ करून उभे राहिले. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि काकांचा साहेब काय म्हणत होता ते मला पहिल्यांदा कळलं. तो एवढासा म्हातारा उभा होता म्हणून ते पाणी अफाट दिसत होतं.

मी बटण दाबणार, तेवढ्यात त्यांची मान हलली. मग खांदा हलला. इतक्या रविवारांचा सूड उगवायची संधी होती, "वळू नका!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काका वळलेच. छत्री वाकडी, तोंड उघडं, काहीतरी ओरडत होते. मोटारीच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बटण तेवढं दाबलं गेलं.

ते हळूहळू परत आले आणि दगडावर बसले.

"काय म्हणत होतात?"

"तितं उभारलं की मागचं कायबी ऐकू येत न्हाय, जोशी. मोटारीचा आवाज, पाखरांचा आवाज. म्होरं नुसतं पानी. आपलं मानूस मागं हाय का सोडून गेलंय, कळतच न्हाय." ते छत्रीच्या काडीशी चाळा करत होते. "मी हाय का, ते बघायला वळायची ती. आनि मी वरडत हुतो, वळू नको."

 मी कॅमेऱ्यातला फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या नियमाप्रमाणे तो साफ वाया गेला होता.

"पुसू?"

"नको. असू द्या," ते म्हणाले. नाक पुसलं, उठले. "पर भिंतीसाठी एक नीट काढा. आता न्हाय वळत."

पुन्हा जाऊन ते त्याच जागी उभे राहिले. मी डोळा लावला. थोडा वेळ बरा गेला, आणि मग त्यांची मान पुन्हा हलायला लागली. मी कॅमेरा खाली घेतला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडलो, "काका, मी आहे हो! इथंच आहे!"

या वेळी ऐकू गेलं असावं. ते वळले नाहीत. पाण्याकडे बघतच त्यांनी छत्री जरा वर केली.