आता माह्यासाठी करा

आमच्या चर्चच्या पाळकांविषयी मी लिहावं, हे खरं तर माझ्या पायरीबाहेरचं आहे. बाबा भाजी पिकवतात. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि परीक्षेतले निबंध सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. लिहिण्यात कमीजास्त झालं तर माफ करावं. पण 'पाळकाचं डोकं फिरलं' असं लोक बोलतात, ते ऐकून गप्प बसवत नाही.

पास्टर साळवे घरभेटीला आले की सगळं रीतीप्रमाणे होतं. शास्त्रवाचन, प्रार्थना, चहा. इतर पाळक यानंतर चपला घालतात. साळवे मात्र हल्ली पुन्हा मांडी घालून बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं. आता माह्यासाठी करा."

आमच्या घरी हे पहिल्यांदा झालं तेव्हा बाबांना वाटलं, साहेबांना अजून एक कप पाहिजे.

"चहा नाही हो भाऊ! प्रार्थना!"

पाळकासाठी प्रार्थना करायची असते हेच आम्हाला नवीन. बाबांनी कशीबशी सुरुवात केली, "हे प्रभू, तुह्या या सेवकाले..."

"थांबा." साळवेंनी एक डोळा उघडला. "सेवक लय हाएत त्याच्याकडं. नावानं सांगा, नाहीतं माह्या वाटचं दुसऱ्यालेच जाईन."

बाबा अडकले. चार वर्षं हा माणूस आमच्या लग्नाला, मयताला उभा राहिला होता, आणि त्याचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

"साहेब, नाव काय तुमचं?"

"गुलाब."

एवढ्या झुपकेदार मिशांखालून गुलाब निघेल असं वाटलं नव्हतं. मला हसू आवरेना. त्यांनाही आवरलं नाही.

मग हे घरोघर सुरू झालं. एका काकूंनी सांगितलं, मले काही येत नाही. तर हे भाकरी होईपर्यंत चुलीजवळ बसून राहिले आणि प्रार्थना करवूनच उठले. एका आजोबांनी साळवेंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. पुढच्या आठवड्यात साळवे त्यांच्या दारात हजर. "गुडघा तसाच हाये. पुन्हा करा, जरा जोर लावून."

आमच्या चर्चच्या पंचांचे प्रमुख बापू, पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांना हे पटेना. एका रविवारी उपासना संपली तशी सगळ्यांसमोर ते उभे राहिले.

"पास्टर, हे बंद करा. पाळकानं द्याचं असते, मागाचं नसते."

"मेंढपाळाले ताप येत नाही काय, बापू?"

"येते. पण तो मेंढ्याइले सांगत नाही."

"म्हणूनच तं रानात मरून पडते!"

मंडळी हसली. बापूंचा चेहरा लाल झाला. "पाळकच असा खचला तं आम्ही कोणाकडं पाह्यचं?"

"माह्याकडं पाहू नका, हेच तं चार वर्षांपासून सांगून राह्यलो!"

बापूंनी बिशपसाहेबांकडे तक्रार केली. पाळक खचले आहेत, बदली करावी. बदली नाही, घरीच बसवतील, असंही लोक बोलू लागले. दुसरा कुणी असता तर थोडे दिवस गप्प राहिला असता. साळवेंनी घरभेटी वाढवल्या, आणि पहिली भेट बापूंकडे दिली. बापू मागच्या दारानं गिरणीत निघून गेले. साळवे तासभर बसले, उठताना बापूंच्या बायकोला म्हणाले, "सांगजा त्याइले, उद्या येतो."

उत्तराची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत एका दुपारी ते आमच्याकडे आले. आई भेंडी चिरत होती. ती म्हणाली, "साहेब, नोकरी जाईन तुमची. काऊन इतका हट्ट करता?"

साळवे नेहमी हसत उत्तर देतात. त्या दिवशी हळूच म्हणाले, "ताई, दुसऱ्यासाठी तोंड उघडलं की शब्द येतेत. माह्यासाठी येत नाहीत. लय दिवस झाले. खोलीत हात जोडून बसतो, आन् भिंतीकडं पाहात राह्यतो. मंग कोणीतरी तं करा लागते ना माह्यासाठी?"

आईनं विळी बाजूला सारली, पदर डोक्यावर घेतला. "गुलाबभाऊसाठी, प्रभू..." एवढंच म्हणाली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साळवेंना फोन कानाला लावलेला आवडत नाही, ते स्पीकरवरच बोलतात, म्हणून समोरचं बोलणं आम्हालाही ऐकू आलं. बिशपसाहेब होते.

"साळवे, तक्रार वाचली. खरं काय ते सांगा."

साळवेंनी आईला सांगितलं होतं तेच जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाले, "बदली करा, साहेब, नाहीतं काढून टाका. तिकडं गेलो तरी मी मागनारच."



"बदली करत नाही," बिशपसाहेब म्हणाले. "रविवारी मीच येतोय. माझेही शब्द आटलेत, साळवे. मागच्या बाकावर बसेन. कुणाला सांगू नका."

"सांगनार, साहेब," साळवे म्हणाले. "सगळ्याइले सांगनार, तुमच्यासाठीबी करा म्हणून."